जुन्या संगणकावर मोठे प्रोग्रॅम: मेमरी नेमकी कुठे अडते आणि वाट कशी काढायची

‘मेमरी अपुरी आहे’ असा संदेश आला की पहिला सल्ला मिळतो, रॅम वाढवा. बरेचदा तो योग्यही असतो. पण ८ जीबीच्या मशीनवर निम्मी रॅम मोकळी असताना एखादा प्रोग्रॅम कोसळत असेल, तर आणखी ८ जीबी घातल्यावरही तो त्याच कामात, त्याच टप्प्यावर कोसळू शकतो. पैसे जातात आणि प्रश्न तिथेच राहतो. कारण मेमरीची मर्यादा एक नसते, तीन असतात आणि प्रत्येकीचा इलाज वेगळा असतो. आपण कोणत्या मर्यादेला धडकलो आहोत हे आधी ओळखलं, तर दहा-बारा वर्षं जुनं मशीनही बरीच मोठी कामं निभावून नेतं. म्हणून या लेखात मोजमापाला सगळ्यात जास्त जागा दिली आहे. पायऱ्या मुख्यतः विंडोज १० आणि ११ धरून लिहिल्या आहेत. लिनक्ससाठी जिथे वेगळं करावं लागतं तिथे तसं सांगितलं आहे.

आधी तीन मर्यादा समजून घ्या

पहिली मर्यादा प्रत्यक्ष रॅमची. मशीनमध्ये ४ जीबीची पट्टी असेल तर एका वेळी तेवढीच माहिती तिथे मावते. उरलेली ‘पानं’ डिस्कवर जातात. एक पान म्हणजे मेमरीचा साधारण ४ केबीचा तुकडा. ही मर्यादा ओलांडली तरी प्रोग्रॅम लगेच कोसळत नाही, पण सगळं मशीन रखडायला लागतं. माउस अडखळतो, डिस्कचा दिवा विझत नाही, खिडकी बदलायला अर्धा मिनिट लागतं.

दुसरी मर्यादा पत्त्यांची. प्रोग्रॅम मेमरीतल्या प्रत्येक बाइटला एका क्रमांकाने ओळखतो. ३२ बिटांत ४,२९,४९,६७,२९६ वेगळे क्रमांक बसतात, म्हणजे ४ जीबी. विंडोज त्यातले निम्मे स्वतःकडे ठेवते, त्यामुळे साध्या ३२-बिट प्रोग्रॅमच्या वाट्याला २ जीबीच येतात. मशीनमध्ये १६ जीबी असले तरी त्याला त्याचा उपयोग नाही. शिवाय मोठ्या चित्रासाठी किंवा तक्त्यासाठी सलग मोकळा पट्टा लागतो, आणि वापर वाढत जाईल तशी पत्त्यांची जागा तुकड्यांत विभागली जाते. त्यामुळे असे प्रोग्रॅम २ जीबी गाठण्याआधीच, दीड-पावणेदोन जीबीच्या आसपास मान टाकतात. या मर्यादेची खूण अगदी स्पष्ट असते: एकच प्रोग्रॅम पडतो, बाकी मशीन ठणठणीत चालू असतं.

तिसरी मर्यादा फारशी कुणाला माहीत नसते. ती कमिटची, म्हणजे दिलेल्या शब्दाची. प्रोग्रॅमने मेमरी मागितली की विंडोज ती लगेच काढून देत नाही, ‘लागेल तेव्हा देईन’ एवढा शब्द देते. पण शब्द द्यायलाही तिला हद्द आहे: रॅम आणि पेजफाइल (रॅममध्ये न मावणारी पानं ठेवायची डिस्कवरची फाइल) यांची बेरीज. ती बेरीज भरली की पुढची प्रत्येक मागणी नाकारली जाते, रॅममध्ये त्या क्षणी जागा असली तरी. मग ब्राउझरचे टॅब मरतात, नवे प्रोग्रॅम उघडत नाहीत, उघडलेले अचानक बंद होतात. लिनक्सचा स्वभाव वेगळा आहे. ते ऐपतीपेक्षा जास्त शब्द देऊन बसतं आणि निभावणं अशक्य झालं की एखाद्या प्रोग्रॅमचा बळी देतं.

पायरी १: मोजा, तेही काम चालू असताना

मशीन नुकतं सुरू केलंय आणि काहीच उघडलेलं नाही, अशा वेळचे आकडे उपयोगाचे नाहीत. ज्या कामात अडचण येते तेच काम सुरू करा आणि ते अडखळायला लागेपर्यंत पुढे न्या. मग कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि ‘परफॉर्मन्स’मध्ये ‘मेमरी’वर जा.

समजा, ४ जीबीच्या लॅपटॉपवर असं दिसलं: ‘इन यूज’ ३.४ जीबी, ‘अव्हेलेबल’ ४५० एमबी, ‘कमिटेड’ ५.६/५.९ जीबी. बहुतेकांची नजर पहिल्या आकड्यावर जाते. खरी बातमी शेवटच्या आकड्यात आहे. ५.९ ही शब्दाची हद्द, म्हणजे वापरण्याजोगी ३.९ जीबी रॅम आणि २ जीबी पेजफाइल. त्यातले ५.६ देऊन झाले आहेत. आणखी ३०० एमबी मागणारा कोणताही प्रोग्रॅम इथे रिकाम्या हाती परत जाणार. रॅम कमी आहे हेही खरंच, पण आत्ता प्रोग्रॅम पडतोय तो कमिटमुळे. पेजफाइल वाढवली तर तो हळू चालेल, पण पडणार नाही. हा फरक मोठा आहे: रात्रभर चालणारं काम सकाळी पूर्ण झालेलं मिळणं आणि अर्ध्यावर मेलेलं मिळणं यातला.

त्याच पानावर खाली ‘हार्डवेअर रिझर्व्ह्ड’, म्हणजे उपकरणांसाठी राखलेली रॅम, असते. ती काही शे एमबींच्या वर असेल तर लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

आता ‘डीटेल्स’ टॅबवर जा. रकान्यांच्या मथळ्यावर राइट क्लिक करून ‘सिलेक्ट कॉलम्स’ निवडा आणि ‘कमिट साइज’ व ‘प्लॅटफॉर्म’ हे दोन रकाने चालू करा. ‘प्लॅटफॉर्म’मध्ये तुमच्या प्रोग्रॅमसमोर ३२-बिट लिहिलेलं असेल आणि पडण्याआधी त्याचा कमिट साइज दीड ते दोन जीबीच्या दरम्यान पोचत असेल, तर निदान झालं. रॅमच्या दुकानात जायची गरज नाही.

शेवटचं मोजमाप रिसोर्स मॉनिटरमध्ये. तिथल्या ‘मेमरी’ टॅबवर ‘हार्ड फॉल्ट्स’ प्रति सेकंद दिसतात, म्हणजे दर सेकंदाला किती वेळा पान डिस्कवरून आणावं लागलं. प्रोग्रॅम उघडताना हा आकडा उसळतो, ते स्वाभाविक आहे. पण काम चालू असताना तो मिनिटामागून मिनिट शंभरच्या आसपास राहत असेल आणि मशीनमध्ये फिरती हार्ड डिस्क असेल, तर त्या डिस्कला श्वास घ्यायलाही वेळ नाही. विखुरलेलं एक पान शोधायला तिला सुमारे १० मिलिसेकंद लागतात, म्हणजे सेकंदाला अशी शंभरेक वाचनं हीच तिची ताकद.

लिनक्सवर टर्मिनलमध्ये ‘फ्री’ ही आज्ञा द्या आणि ‘अव्हेलेबल’ हा रकाना पाहा, ‘फ्री’ नावाचा रकाना नाही. ‘व्हीएमस्टॅट’ एक सेकंदाच्या अंतराने चालवून ‘एसआय’ आणि ‘एसओ’ हे रकाने पाहिले की स्वॅपमधली, म्हणजे लिनक्सच्या पेजफाइलमधली, ये-जा दिसते. दोन्ही सतत शून्याच्या वर असतील, तर रॅम खरंच कमी पडतेय.

पायरी २: ३२-बिटची कोंडी

सोपा इलाज आधी करून पाहा: त्याच प्रोग्रॅमची ६४-बिट आवृत्ती आहे का? फोटो संपादन, स्प्रेडशीट, त्रिमिती आरेखन, आवाजाचं संपादन, सगळीकडे बहुतेक प्रोग्रॅमना ती असते आणि वर्षानुवर्षं केवळ सवयीने ३२-बिट बसवलेली असते. ऑफिस बदलताना मात्र एक सांभाळा. जुने ३२-बिट ॲड-इन ६४-बिट एक्सेलमध्ये चालत नाहीत, त्यामुळे त्यांची यादी आधी करा.

विंडोजच ३२-बिट असेल तर ‘सेटिंग्ज’, ‘सिस्टिम’, ‘अबाउट’ इथे ‘सिस्टिम टाइप’ वाचा. ‘३२-बिट ऑपरेटिंग सिस्टिम, एक्स६४-बेस्ड प्रोसेसर’ असं लिहिलं असेल तर प्रोसेसर ६४-बिटचा आहे आणि त्याचा अर्धा जोर वाया चालला आहे. ४ जीबी बसवूनही सव्वातीन जीबीच्या आसपास दिसणारी मशीन बहुधा हीच असतात. ग्राफिक्स कार्ड आणि इतर उपकरणांनाही त्याच ४ जीबीच्या पत्त्यांमधून जागा द्यावी लागते, म्हणून तेवढी रॅम झाकली जाते. ३२-बिटवरून ६४-बिटवर थेट अपग्रेड होत नाही. फाइलींची प्रत बाजूला काढून कोरं इन्स्टॉलेशन करावं लागतं. त्याआधी प्रिंटर, स्कॅनरसारख्या जुन्या उपकरणांचे ६४-बिट ड्रायव्हर मिळतात का ते बघा. १६-बिट काळातले प्रोग्रॅम ६४-बिट विंडोजवर चालतच नाहीत, हेही ध्यानात असू द्या. आणि एकूण रॅम २ जीबीच असेल तर या भानगडीत पडू नका. ६४-बिट प्रणालीची स्वतःची भूक जास्त असते आणि हातात उरतं ते आणखी कमी.

६४-बिट आवृत्तीच नाही, प्रोग्रॅम बनवणारे कधीच थांबले आहेत, पण काम त्याच प्रोग्रॅमवर अडलंय, अशा वेळी एक जुनी युक्ती आहे. प्रोग्रॅमच्या फाइलीच्या माथ्यावर ‘लार्ज ॲड्रेस अवेअर’ नावाची एक खूण असते. ती चालू असलेल्या ३२-बिट प्रोग्रॅमला ६४-बिट विंडोज २ ऐवजी ४ जीबी पत्ते देते. मायक्रोसॉफ्टच्या व्हिज्युअल स्टुडिओसोबत येणाऱ्या ‘एडिटबिन’ या साधनाने ती खूण चालू करता येते. मूळ फाइलीची प्रत आधी वेगळी ठेवा. बदल केल्यावर फाइलीची डिजिटल सही मोडते, म्हणून लायसन्स तपासणारे प्रोग्रॅम आणि ऑनलाइन खेळ यांना हात लावू नका. काही जुन्या प्रोग्रॅमांत पत्त्याचा सगळ्यात वरचा बिट वेगळ्याच कामाला वापरलेला असतो. ते २ जीबी ओलांडल्यावर चुकीचे निकाल देऊ शकतात. म्हणून पहिलं काम असं घ्या ज्याचं उत्तर आधीच माहीत आहे, आणि दोन्ही निकाल ताडून बघा.

पायरी ३: पेजफाइल नीट लावा

‘पेजफाइल बंद करा, मशीन पळेल’ हा सल्ला अजूनही फिरतो. तो चुकीचा आहे आणि कमी रॅमच्या मशीनवर घातकही. पेजफाइल बंद केली की शब्दाची हद्द निव्वळ रॅमएवढी होते. प्रोग्रॅम मागून ठेवतात पण कधीच वापरत नाहीत अशी बरीच मेमरी असते. तिच्यासाठीही मग खरी रॅम राखून ठेवावी लागते.

डिस्कवर भरपूर जागा असेल तर आकार विंडोजवर सोडणंच बरं. जागा कमी असेल किंवा काम अचानक मोठी उडी मारणारं असेल, तर आकार स्वतः ठरवा. मायक्रोसॉफ्टचा ‘प्रोसेस एक्सप्लोरर’ हा मोफत प्रोग्रॅम चालू ठेवा, जड काम शेवटपर्यंत न्या आणि त्याच्या ‘सिस्टिम इन्फर्मेशन’मध्ये कमिटचा ‘पीक’ वाचा. समजा तो ९ जीबी आला आणि रॅम ४ जीबी आहे. फरक ५ जीबी, वर एक जीबी मोकळीक, म्हणजे ६ जीबी. एमबीत ६१४४.

आता ‘ॲडव्हान्स्ड सिस्टिम सेटिंग्ज’ उघडा. ‘परफॉर्मन्स’खालच्या ‘सेटिंग्ज’वर क्लिक करा, तिथल्या ‘ॲडव्हान्स्ड’ टॅबवर ‘व्हर्च्युअल मेमरी’समोर ‘चेंज’ आहे. ‘ऑटोमॅटिकली मॅनेज’ची टिक काढा, ड्राइव्ह निवडा, ‘कस्टम साइज’ घ्या आणि दोन्ही चौकटींत ६१४४ लिहा. मग ‘सेट’ दाबा. हे बटण न दाबता थेट ‘ओके’ केलं तर बदल नोंदवलाच जात नाही, आणि पेजफाइल वाढवूनही फरक पडला नाही अशी तक्रार पुष्कळदा यातूनच येते. मशीन पुन्हा सुरू करा आणि टास्क मॅनेजरमध्ये कमिटेडचा दुसरा आकडा वाढलाय याची खात्री करा.

एसएसडी आणि हार्ड डिस्क दोन्ही असतील तर पेजफाइल एसएसडीवर ठेवा. ती झिजेल अशी भीती घातली जाते. मायक्रोसॉफ्टने विंडोज ७ च्या वेळी गोळा केलेल्या माहितीत पेजफाइलमधली वाचनं लेखनांच्या सुमारे ४० पट निघाली होती, आणि एसएसडी झिजते ती लिहिण्याने. तेव्हा निर्धास्त राहा.

लिनक्सवर स्वॅपचं वेगळं विभाजन नसेल तरी डिस्कवर हव्या त्या आकाराची स्वॅप फाइल करता येते. फाइल बनवायची, तिची परवानगी फक्त रूट या मुख्य खात्यापुरती ठेवायची, ‘एमकेस्वॅप’ आणि ‘स्वॅपऑन’ चालवायचं, आणि ‘एफएसटॅब’मध्ये तिची ओळ घालायची, म्हणजे मशीन पुन्हा सुरू झाल्यावरही ती लागू राहते.

पायरी ४: आहे ती रॅम कामालाच लागू द्या

संगणकशास्त्रज्ञ पीटर डेनिंग यांनी १९६८ मध्ये ‘वर्किंग सेट’ची कल्पना मांडली आणि जुनं मशीन सांभाळताना आजही तीच उपयोगी पडते. कोणताही प्रोग्रॅम थोड्या वेळात आपल्या मेमरीचा एक छोटा भागच पुन्हा पुन्हा हाताळतो. चालू असलेल्या सगळ्या प्रोग्रॅमांचे हे छोटे भाग मिळून रॅममध्ये मावले, तर कमिट रॅमच्या दुप्पट असलं तरी काम सुरळीत चालतं. मावले नाहीत तर मशीनचा सगळा वेळ पानं आत-बाहेर करण्यात जातो. रॅममधून एक गोष्ट आणायला एक सेकंद लागतो असं धरलं, तर साध्या एसएसडीतून आणायला पाव तासावर आणि हार्ड डिस्कमधून आणायला सव्वा दिवसाच्या आसपास वेळ लागेल. म्हणून बंद काय करायचं हे ठरवताना एखादा प्रोग्रॅम किती मेमरी घेतो यापेक्षा तो सतत किती मेमरी हाताळतो हे बघा. कोपऱ्यात निपचित पडलेला प्रोग्रॅम डिस्कवर ढकलला जातो आणि त्याचं ओझं राहत नाही. दर काही सेकंदांनी जागे होणारे, म्हणजे फाइली समक्रमित करणारे, चॅटचे आणि जाहिरातींनी भरलेली पानं उघडी ठेवणारे, हे खरे भागीदार.

ब्राउझर यात सगळ्यात पुढे. सुरक्षेसाठी आजचे ब्राउझर वेगवेगळ्या साइटींना वेगवेगळ्या प्रक्रियांत ठेवतात, त्यामुळे टॅब वाढतील तसा खर्च वाढत जातो. क्रोममध्ये शिफ्ट आणि एस्केप दाबलं की त्याचा स्वतःचा टास्क मॅनेजर उघडतो आणि कोणता टॅब, कोणतं एक्स्टेन्शन किती खातंय ते समोर येतं. सेटिंग्जमधलं ‘मेमरी सेव्हर’ चालू करा. जड काम सुरू करण्याआधी ब्राउझर पूर्ण बंद करा, आणि ‘बंद केल्यावरही पार्श्वभूमीत चालू ठेवा’ हा पर्यायही बंद करा.

टास्क मॅनेजरमधला ‘स्टार्टअप’ टॅब एकदा शांतपणे वाचून काढा. त्यावर जास्त लिहिण्यासारखं नाही. जे ओळखीचं आहे आणि रोज लागत नाही, ते ‘डिसेबल’ करा.

एका गोष्टीपासून मात्र आवर्जून दूर राहा: ‘रॅम क्लीनर’, ‘मेमरी बूस्टर’ वगैरे. हे प्रोग्रॅम चालू असलेल्या सगळ्यांची पानं जबरदस्तीने रॅमबाहेर काढतात. मोकळ्या रॅमचा आकडा क्षणभर सुरेख दिसतो आणि पुढच्याच मिनिटाला तीच पानं डिस्कवरून परत आणावी लागतात. विंडोज जी रॅम ‘स्टँडबाय’मध्ये ठेवते ती अडकलेली नसते. मागणी आली की ती तत्काळ मोकळी होते.

मघाशी पाहिलेला ‘हार्डवेअर रिझर्व्ह्ड’ फार मोठा असेल तर दोन ठिकाणं तपासा. ‘सिस्टिम कॉन्फिगरेशन’च्या ‘बूट’ टॅबवर ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’मध्ये ‘मॅक्झिमम मेमरी’ला टिक असेल तर ती काढा. मग बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच उघडणाऱ्या सेटिंग्जमध्ये) जाऊन ‘मेमरी रिमॅप’ चालू आहे का आणि मदरबोर्डवरच्या ग्राफिक्ससाठी किती मेमरी राखलीय ते बघा. खेळ खेळायचे नसतील तर तिथला सगळ्यात छोटा आकडा बहुतेक पुरतो.

पायरी ५: मेमरी दाबून बसवणं

रॅममधली थंड पानं डिस्कवर पाठवण्याऐवजी तिथेच दाबून छोटी करून ठेवता येतात. प्रोसेसरला थोडं काम वाढतं, पण डिस्कपेक्षा ते कितीतरी स्वस्त पडतं. मॅकवर हे २०१३ च्या मॅव्हरिक्सपासून आहे, विंडोजवर १० पासून. दोन्हीकडे ते आपोआप चालतं. विंडोजवर टास्क मॅनेजरमध्ये ‘इन यूज’च्या शेजारी ‘कम्प्रेस्ड’ म्हणून जो आकडा दिसतो तो हाच. विंडोज ७ किंवा ८ वर अडकलेल्या मशीनला ही सोय नाही.

लिनक्सवर हे काम झेडरॅम करतं आणि ४ जीबी किंवा त्याहून कमी रॅमच्या मशीनवर मी पहिल्याच दिवशी ते बसवायला सांगेन. फेडोरामध्ये ते ३३ व्या आवृत्तीपासून मुळातच चालू असतं. डेबियन आणि उबंटूच्या भांडारात त्यासाठी तयार पॅकेज मिळतात. झेडरॅमचा आकार रॅमच्या निम्म्यापासून सुरू करा, काम बघून वाढवा, आणि त्याची प्राथमिकता डिस्कवरच्या स्वॅपपेक्षा वर ठेवा. ‘स्वॅपिनेस’, म्हणजे स्वॅपकडे किती कल ठेवायचा हे सांगणारा आकडा, मुळात ६० असतो. झेडरॅमसोबत तो १०० किंवा त्याहून वर न्यायला हरकत नाही, कारण आता स्वॅप म्हणजे संथ डिस्क राहिलेली नाही. डेस्कटॉपही हलका घ्या. एलएक्सक्यूटी किंवा एक्सएफसीई जुन्या मशीनवर चांगले चालतात. फोटो आणि व्हिडिओ आधीच दाबलेले असतात म्हणून झेडरॅमचा उपयोग नाही, असं काही जण म्हणतात. पण संपादन करताना मेमरीत असतं ते उलगडलेलं चित्र, आणि ते बऱ्यापैकी दाबलं जातं.

पायरी ६: कामच लहान करा

इथवरचं सगळं मशीनबद्दल झालं. पण सगळ्यात मोठी बचत प्रोग्रॅमच्या आत असते आणि तिथे फारसं कुणी बघत नाही.

फोटोचं उदाहरण हिशोबानेच पाहू. ६००० गुणिले ४००० पिक्सेलची जेपेग फाइल डिस्कवर ८ एमबीची असेल. उघडली की प्रत्येक पिक्सेलला ३ बाइट, म्हणजे ७२ एमबी. १६-बिट रंगखोली घेतली तर १४४. पारदर्शकता असलेला प्रत्येक नवा थर ८-बिटमध्ये आणखी ९६ एमबी. पाच थर चढवले, वर पूर्ववत करण्यासाठी जपलेले टप्पे, की एकाच फोटोने एक जीबीकडे वाटचाल सुरू केलेली असते. त्यामुळे रंगदुरुस्ती संपल्यावर १६-बिटवरून ८-बिटवर उतरा, झालेले थर एकत्र करा आणि फोटोशॉपमध्ये ‘हिस्टरी स्टेट्स’ ५० वरून दहा-पंधरावर आणा. ‘स्क्रॅच डिस्क’, म्हणजे त्याची तात्पुरती जागा, एसएसडीवर ठेवा. गिंपमध्ये ‘टाइल कॅशे’ ही नोंद रॅमच्या निम्म्याच्या आसपास ठेवली तर बाकीचं तो स्वतःच डिस्कवर नेतो, आणि चित्राच्या बाबतीत कोणता भाग डिस्कवर न्यायचा हे त्याला प्रणालीपेक्षा जास्त कळतं. त्रिमिती चित्रांच्या ब्लेंडरमध्ये ४०९६ गुणिले ४०९६ चं एक पोत (टेक्स्चर) ६४ एमबी घेतं. दूरच्या वस्तूंची पोतं निम्म्या मापाची केली की प्रत्येकी १६ वर येतात, आणि डोळ्याला फरक जाणवत नाही. अंतिम रेंडर खिडकी न उघडता आज्ञेच्या ओळीवरून चालवा.

स्प्रेडशीटमध्ये कंट्रोल आणि एंड दाबा. माहिती २,००० ओळींची असताना कर्सर लाखाच्या ओळीवर जाऊन थांबला, तर रिकाम्या पेशींचं रूपांकन मेमरी खातंय. त्या ओळी निवडून मुळापासून हटवा आणि फाइल साठवा. पण माहितीच दहा लाख ओळींच्या घरात असेल तर स्प्रेडशीट हे तिचं घर नव्हे. ती एसक्यूलाइटमध्ये घाला. ते डेटाबेस डिस्कवर ठेवतं आणि लागेल तेवढाच भाग वाचतं. त्याची स्वतःची कॅशे मुळात २ एमबीच्या आसपास असते, त्यामुळे १ जीबी रॅमच्या मशीनवरही १० जीबीचा तक्ता चाळता येतो.

हाच मार्ग प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांसाठी. पायथनच्या पांडाजमध्ये फाइल वाचताना हवे तेवढेच रकाने मागा, ‘चंकसाइझ’ देऊन तुकड्यातुकड्यांनी वाचा, आणि आकड्यांचा प्रकार ठरवून द्या. एक कोटी ओळींचा पूर्णांकांचा रकाना ६४-बिटमध्ये ८० एमबी घेतो. त्यात एक ते शंभरमधलीच संख्या असेल तर ८-बिटमध्ये तो १० एमबीत बसतो. पुन्हा पुन्हा येणारा मजकूर ‘कॅटेगरी’ प्रकारात टाकला की तिथेही असाच घसघशीत फायदा होतो. मोठा सी++ प्रकल्प कंपाइल करताना ‘मेक’ला प्रोसेसरच्या गाभ्यांइतकी समांतर कामं देण्याची सवय असते. ४ जीबीवर एक किंवा दोनच द्या. चार कामं एकमेकांची पानं बाहेर काढत बसतात, त्यापेक्षा दोन कामं आधी संपतात.

तुकडे करून काम करणं ही काही तडजोड नाही, संगणकाचा इतिहासच त्यावर उभा आहे. १९८१ च्या आयबीएम पीसीतला ८०८८ प्रोसेसर २० बिटांचे पत्ते वापरायचा. एकूण १ एमबी, त्यातले प्रोग्रॅमांसाठी ६४० केबी. तेव्हाचे मोठे प्रोग्रॅम स्वतःचेच भाग डिस्कवरून आळीपाळीने आणून त्या जागेत चालायचे. हीच अदलाबदल मशीनने आपोआप करावी ही कल्पना तर त्याहूनही आधीची. मँचेस्टरच्या ॲटलस संगणकाने १९६२ मध्येच ती राबवली होती.

पायरी ७: आता हार्डवेअर

मोजमापानंतर रॅमच कमी आहे असं ठरलं तर जरूर वाढवा. पण मदरबोर्ड जास्तीत जास्त किती रॅम ओळखतो हे मॅन्युअलमध्ये आधी बघा. इंटेलच्या ९४५ मालिकेच्या चिपसेटची पत्त्यांची हद्दच ४ जीबीची आहे. त्यावर ६४-बिट विंडोज घातली तरी सव्वातीन जीबीच्या आसपासच हाती येतात. डीडीआर२, डीडीआर३ आणि डीडीआर४ यांच्या खाचा वेगवेगळ्या जागी असतात, एकीची पट्टी दुसरीत बसत नाही. डीडीआर३ मध्येही १.५ व्होल्ट आणि १.३५ व्होल्ट असे दोन प्रकार आहेत. काही लॅपटॉपना फक्त १.३५ चालतं. शिवाय खूप जुने चिपसेट जास्त घनतेच्या चिपा ओळखत नाहीत. त्यांच्यासाठी तेवढ्याच क्षमतेची पण जास्त चिपांची पट्टी शोधावी लागते. सोबत बसवायची पट्टी सारख्याच क्षमतेची घेतली तर मेमरीच्या दोन्ही वाहिन्या (ड्युअल चॅनल) चालतात आणि मदरबोर्डवरच्या ग्राफिक्सला वेग मिळतो.

रॅम वाढवता येत नसेल, पट्टी बोर्डावरच जडवलेली असेल आणि मशीनमध्ये अजून हार्ड डिस्क असेल, तर साटा एसएसडी बसवा. रॅम तेवढीच राहते, पण पान परत आणण्याचा खर्च शंभरपट उतरतो. पुरेसे पैसे एकाच गोष्टीला असतील आणि रॅम ४ जीबी असेल, तर मी आधी एसएसडी घेईन. २ जीबी असेल तर आधी रॅम. विंडोज व्हिस्टापासून आलेलं रेडीबूस्ट, म्हणजे यूएसबी पेनड्राइव्हला कॅशे म्हणून वापरणं, हार्ड डिस्कच्या मशीनवर थोडंफार मदत करतं. त्याने शब्दाची हद्द वाढत नाही, आणि एसएसडी असेल तर त्याचा उपयोगच नाही.

पट्टी बसवताना वीज काढा, लॅपटॉपची बॅटरी सोडवा, धातूला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरवा. लॅपटॉपमध्ये पट्टी तिरकी सरकवून खाली दाबली की दोन्ही बाजूंच्या कड्या आपसूक लागतात. जोर लावावा लागत असेल तर खाच चुकली आहे.

मग थेट काम सुरू करू नका. मेमटेस्ट८६+ यूएसबीवर घालून त्यावरून मशीन सुरू करा आणि निदान एक पूर्ण फेरी, शक्य तर रात्रभर चालू द्या. एकही चूक दिसली तरी पट्ट्या एकेक करून, जागा बदलून पुन्हा तपासा, म्हणजे दोष पट्टीत आहे की खाचेत ते कळतं. सदोष रॅम रोज दिसेलच असं नाही. महिन्याभराने न उघडणारी झिप फाइल किंवा अर्ध्यात करडा पट्टा आलेला फोटो अशा रूपाने ती समोर येते, आणि तोवर बॅकअपमध्येही तीच बिघडलेली प्रत गेलेली असते.